ड्रमवर ‘कॅन्सर होऊ शकतो’ लिहिलंय, ते किती सिरियसली घ्यायचं? (उत्तर लांब आहे)

प्रश्न थोडक्यात असा: मेटलचे पार्ट डिग्रीझ करून (म्हणजे सॉल्व्हंटने तेल-ग्रीस काढून) पेंट करणाऱ्या एका युनिटमध्ये काम करणाऱ्याने ड्रमसोबत आलेली सेफ्टी डेटा शीट पहिल्यांदाच नीट वाचली, त्यात एका सॉल्व्हंटपुढे ‘कॅन्सर होऊ शकतो’ आणि दुसऱ्यापुढे ‘कॅन्सर होण्याचा संशय’ असं लिहिलंय, आणि शॉपमधले सिनियर म्हणतात की आम्ही 20 वर्षं यातच हात घालतोय, आम्हाला कुठे काय झालं. मग संशोधन नक्की काय सांगतं?

माझं काम इंडस्ट्रियल हायजीनचं. कामाच्या जागच्या हवेत काय आहे, किती आहे ते मोजायचं, आणि कामगारांमधल्या कॅन्सरवर अभ्यास करणाऱ्या टीमसाठी ‘या माणसाने तेव्हा किती श्वासात घेतलं असेल’ याचा अंदाज बांधायचा. बरीच वर्षं हेच करतोय त्यामुळे उत्तराचा जोर कुठे पडणार ते आधीच सांगतो: या सगळ्या संशोधनाचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे मोजमाप. केमिकल लॅबमध्ये काय करतं हे आपल्याला बरंच कळतं, कोणाला कॅन्सर झाला हेही बऱ्याचदा कळतं, पण मधल्या काळात त्या माणसाने किती घेतलं हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं. आणि तिथेच खरे धोके वर्षानुवर्षं लपून राहतात.

आधी शीटवरचं बघू. ‘कॅन्सर होऊ शकतो’ हे वाक्य एच 350 या धोक्याच्या कोडचं आहे आणि ‘संशय’ हे एच 351 चं. वाचताना दोन्ही सारखीच मिळमिळीत वाटतात पण दोघांत मोठा फरक आहे. एच 350 लावलंय म्हणजे तो पदार्थ कॅटेगरी 1 मध्ये आहे, माणसांवरच्या किंवा प्राण्यांवरच्या अभ्यासांतून भक्कम पुरावा आलेला आहे. ‘होऊ शकतो’ एवढ्याचसाठी म्हणतात की प्रत्येकाला होईलच असं नाही, ‘होतो की नाही माहीत नाही’ असा त्याचा अर्थ अजिबात नाही. एच 351 म्हणजे पुरावा आहे पण अजून तेवढा ठाम नाही.

दुसरी यादी लोकांच्या वाचनात येते ती आयएआरसीची, ही फ्रान्समधल्या लिऑनची संस्था, जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतली, 1971 पासून एकेका पदार्थावरचा सगळा प्रसिद्ध पुरावा जमवून गट ठरवते. गट 1 म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे नक्की, 2ए म्हणजे बहुधा होतो, 2बी म्हणजे शक्यता आहे, 3 म्हणजे ठरवण्याइतका पुरावाच नाही. इथे जवळपास प्रत्येकाचा गोंधळ होतो म्हणून स्पष्ट सांगतो, हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, पदार्थ किती जहाल आहे ते सांगत नाहीत. गट 1 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे, बेंझीन आहे, लाकडाची धूळ आहे, डिझेलचा धूर आहे, वेल्डिंगचा धूर आहे, पण या सगळ्यांचा धोका सारखा नाही, आणि तुमचा धोका तर तुम्ही किती घेता, किती वर्षं घेता आणि कसा घेता यावर ठरणार. आणि गट 3 म्हणजे ‘सेफ’ असं सर्टिफिकेट नाही, पुष्कळदा त्याचा अर्थ कोणी नीट अभ्यासच केलेला नाही एवढाच असतो.

तुमच्या कामाशी थेट संबंध असलेलं उदाहरण द्यायचं तर ट्रायक्लोरोएथिलीन. डिग्रीझिंगमध्ये प्रचंड वापरलं गेलेलं सॉल्व्हंट, 1995 मध्ये 2ए होतं, 2012 मध्ये किडनीच्या कॅन्सरवरून गट 1 मध्ये गेलं. आता विचार करा, पदार्थ तोच, टाकी तीच, वाफ तीच. या 17 वर्षांत बदलला तो फक्त आपला पुरावा. म्हणून शीटवर ‘संशय’ दिसला की मी त्याला ‘अजून सिद्ध नाही, वापरा बिनधास्त’ असं कधीच वाचत नाही. आणि पेंटिंगचं म्हणाल तर पेंटरचं कामच एक व्यवसाय म्हणून 1989 पासून गट 1 मध्ये आहे. सॉल्व्हंट, पिगमेंट, सॅंडिंगची धूळ, सगळं एकत्र असल्यामुळे दोष नेमका कोणाचा हे सुटं करता येत नाही, पण पेंटरांमध्ये फुफ्फुसाचा आणि ब्लॅडरचा कॅन्सर जास्त सापडतो हे पक्कं आहे.

आता सिनियरच्या बोलण्याबद्दल. ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच काही झालेलं नाही, पण त्यावरून निष्कर्ष निघत नाही आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वेळ. बेंझीनमुळे होणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) त्यातल्या त्यात लवकर येतो, पण ब्लॅडर, फुफ्फुस यांचे कॅन्सर एक्स्पोजर (म्हणजे पदार्थ शरीरात जाणं) सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन दशकांनी दिसतात, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) तर 30-40 वर्षांनी सुद्धा येतो, तोपर्यंत माणूस रिटायर झालेला असतो आणि डॉक्टर विचारतही नाही की तुम्ही 25 वर्षांचे असताना काय काम करत होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शॉपमध्ये 20 वर्षं टिकलेला माणूस तुम्हाला दिसतोय, जो आजारी पडून गेला तो तिथे उभा राहून बोलत नाहीये. संशोधनात याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. नोकरीवर घेतानाच तब्येतीची माणसं निवडली जातात, खंगलेला माणूस आपोआप बाहेर पडतो, त्यामुळे कामगारांचा एकूण मृत्युदर बाहेरच्या लोकसंख्येपेक्षा कमीच निघतो आणि तो आकडा दाखवून ‘आमचे कामगार बाहेरच्यांपेक्षा निरोगी आहेत’ असं म्हणता येतं. म्हणून चांगल्या अभ्यासात तुलना बाहेरच्या लोकांशी न करता त्याच कारखान्यातल्या कमी एक्स्पोजरवाल्या आणि जास्त एक्स्पोजरवाल्या कामगारांमध्ये करतात, आणि नोकरी सोडून गेलेल्यांनाही शोधून काढतात. कुठलाही रिपोर्ट हातात आला तर मी सगळ्यात आधी हेच बघतो, सोडून गेलेले मोजलेत का.

हे सगळं कळायला किती काळ गेला तेही सांगायला हवं. 1775 मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि त्याचं कारण काजळी आहे. प्रयोगात ते दाखवायला 1915 उजाडलं, टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानावर महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळलं तेव्हा कुठे कॅन्सर तयार झाला. डायच्या कारखान्यांचं तसंच. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने फुक्सिन हा डाय बनवणाऱ्या कामगारांमध्ये ब्लॅडर कॅन्सर दिसल्याचं सांगितलं. उंदीर-सशांवर स्पष्ट काही दिसेना, 1938 मध्ये ह्यूपर या संशोधकाने कुत्र्यांवर 2-नॅफ्थिलअमाइन (डाय बनवायला लागणारं केमिकल) वापरून ब्लॅडरमध्ये गाठी दाखवल्या, आणि ब्रिटनमधल्या कामगारांच्या नोंदी काढून केस नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये आकडे मांडले. म्हणजे पहिल्या डॉक्टरच्या लक्षात आल्यापासून जवळजवळ 60 वर्षं. त्या 60 वर्षांत लोक त्याच पावडरमध्ये काम करत होते, हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं आणि राग पण येतो.

काही पदार्थ मात्र लवकर सापडतात, का ते समजून घ्या. व्हिनाइल क्लोराइड, ज्यापासून पीव्हीसी बनतं. 1974 च्या जानेवारीत अमेरिकेत लुईव्हिलच्या एका प्लांटमधल्या कामगारांमध्ये लिव्हरच्या अँजिओसार्कोमाच्या (रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरच्या) केसेस जाहीर झाल्या. हा कॅन्सर इतका दुर्मिळ आहे की एका प्लांटमध्ये दोन-तीन केस सापडल्या तरी प्लांटच्या डॉक्टरच्या लगेच लक्षात आलं. त्यानंतर तिथली लिमिट 500 पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) 1 पीपीएमवर आली. पण खरं दुःख वेगळंच आहे, इटलीत माल्तोनी यांच्या लॅबमध्ये उंदरांवर तोच कॅन्सर त्याआधीच दिसला होता आणि पैसे देणाऱ्या कंपन्यांनी निष्कर्ष गुप्त ठेवायचे करार केलेले होते. आता उलट विचार करा, तेच केमिकल जर फुफ्फुसाचा कॅन्सर करत असतं तर? तो तर सगळीकडेच असतो, दहाच्या जागी पंधरा झाले तर कोणाला कळणार? दुर्मिळ कॅन्सर डोळ्यांना दिसतो, नेहमीचा कॅन्सर फक्त आकड्यांत दिसतो, आणि आकडे हवे असतील तर नोंदी लागतात.

आता माझ्या कामाकडे येतो. समजा एका कारखान्यातले हजारो कामगार घेतले, कोण कशाने गेलं ते मृत्यूच्या नोंदींवरून काढलं, पण एक्स्पोजर? एचआरच्या फाइलमध्ये फक्त ‘हेल्पर’, ‘ऑपरेटर’, ‘मेंटेनन्स’ असं लिहिलेलं असतं. मेंटेनन्सवाला टाकी उघडून आत उतरायचा की कंट्रोल रूमच्या बाहेरचे दिवे बदलायचा हे त्या फाइलमधून कळत नाही. मग आम्ही जुने लेआउट शोधतो, खरेदीची रजिस्टरं बघतो, एक्झॉस्ट फॅन कोणत्या वर्षी बसवला ते शोधतो, रिटायर झालेल्या लोकांना तासन्‌तास विचारतो, आणि त्यातून जॉब-एक्स्पोजर मॅट्रिक्स बनवतो, कोणत्या साली कोणत्या कामाला साधारण किती एक्स्पोजर होतं याचा तक्ता. हा तक्ता जितका ढोबळ, तितका खरा परिणाम पुसट होत जातो. कारण जास्त घेतलेले काही लोक चुकून ‘कमी’ मध्ये पडतात, काही कमी घेतलेले ‘जास्त’ मध्ये, दोन गट एकमेकांसारखे दिसायला लागतात आणि शेवटी ‘लक्षणीय संबंध आढळला नाही’ असं छापलं जातं. लोक ते ‘संबंध नाही’ असं वाचतात. त्यात लोक थोडे असतील, जेमतेम 10 वर्षंच फॉलो-अप असेल, ऑफिसमधला स्टाफ पण हिशोबात धरलेला असेल, तर असा निगेटिव्ह निकाल मला काहीच सांगत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बेंझीन. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये रबराची फिल्म बनवणारे प्लांट होते, तिथले कामगार बेंझीनमध्ये काम करायचे, 1977 मध्ये इन्फँटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्यात ल्युकेमियाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आहेत. पुढे प्रश्न आला किती पीपीएमला किती धोका, आणि वेगवेगळ्या टीमने त्याच प्लांटच्या जुन्या हवेचे वेगवेगळे अंदाज बांधले. माणसं तीच, मृत्यू तेच, पण जुनं एक्स्पोजर जास्त होतं असं धरलं की दर पीपीएममागचा धोका कमी निघतो आणि कमी होतं असं धरलं की जास्त निघतो. यावर वर्षानुवर्षं वाद चालले आणि हा काही नुसता कागदी वाद नव्हता, कामगाराने रोज किती बेंझीन घेतलेलं चालेल ते त्यावर ठरणार होतं. 1978 मध्ये तिथल्या सरकारने 10 वरून 1 पीपीएम करायचं ठरवलं, 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, 1987 मध्ये पुन्हा 1 पीपीएम आलं. आणि नंतर 2004 मध्ये चीनमधल्या टियानजिनच्या बूट कारखान्यांतल्या 250 कामगारांचा अभ्यास आला, ज्यात प्रत्येकाचं एक्स्पोजर अंगावर सॅम्पलर लावून प्रत्यक्ष मोजलेलं होतं, अंदाज नव्हे, आणि 1 पीपीएमच्या खाली सुद्धा रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. युरोपियन युनियनने आता 0.2 पीपीएम ठरवलंय. चांगलं मोजमाप आलं की लिमिट खालीच सरकत जाते, वर गेलेली मी तरी कधी पाहिली नाही.

डिझेलच्या धुराचं पण असंच झालं. अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या 12,315 कामगारांचा अभ्यास 2012 मध्ये आला, त्यात जुन्या वर्षांची डिझेलची मोजमापं नव्हती म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या जुन्या आकड्यांवरून मागे हिशोब करत नेला, खूप चिकाटीचं काम आहे ते, मला त्या टीमबद्दल मनापासून आदर आहे. कोर्टकचेऱ्यांमुळे त्याचं प्रकाशन रखडलं होतं. ते आलं आणि त्याच वर्षी डिझेलचा धूर गट 1 मध्ये गेला.

‘सगळे सिगरेट ओढतात, त्यामुळेच होत असेल’ हे पण हमखास ऐकायला मिळतं. सिगरेटचा हिशोब चांगल्या अभ्यासात करतातच. पण जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की दोन कारणं एकमेकांना जोर देतात. अ‍ॅस्बेस्टॉसचं इन्सुलेशन करणाऱ्या कामगारांवरच्या 1979 च्या अभ्यासात फक्त अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरायचा धोका साधारण 5 पट, फक्त सिगरेटवाल्यांना 11 पट, आणि दोन्ही असलेल्यांना 53 पट निघाला होता. म्हणून कामगार सिगरेट ओढतो म्हणून कारखान्याची जबाबदारी कमी होत नाही, आणि कारखान्यात धूळ आहे म्हणून सिगरेट सोडायचा फायदाही कमी होत नाही, उलट वाढतो.

किती कॅन्सर कामामुळे होतात? डॉल आणि पेटो या संशोधकांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर मृत्यूंपैकी साधारण 4 टक्के असा अंदाज दिला, ब्रिटनमधल्या नंतरच्या अभ्यासात 2005 सालासाठी 5.3 टक्के, म्हणजे सुमारे 8 हजार मृत्यू निघाले. टक्केवारी छोटी वाटते. पण हा बोजा सगळ्यांवर सारखा वाटलेला नाही, तो बांधकाम, फाउंड्री, पेंटिंग, वेल्डिंग, खाणी अशा ठिकाणच्या मोजक्या लोकांवर पडतो.

बरं, तुम्ही काय करायचं. शीटच्या सेक्शन 3 मध्ये घटक आणि त्यांचे सीएएस नंबर (प्रत्येक केमिकलचा ओळख क्रमांक) असतात, ते नंबर लिहून घ्या, ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही, नंबरवरून आयएआरसीचा गट सापडतो. सेक्शन 8 मध्ये लिमिट आणि कोणता मास्क, कोणते ग्लोव्हज ते असतं. धुळीचा मास्क सॉल्व्हंटच्या वाफेला काहीही अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. बेंझीन असो की डायमधली अमाइन्स असोत, बरेच पदार्थ कातडीतून पण आत जातात, त्यामुळे थिनरने हात धुणं आजपासून बंद करा, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लगेच होणारं काम आहे.

मास्क मात्र शेवटचा उपाय. आधी विचारायचं की हे सॉल्व्हंट बदलता येईल का, पाण्यावर चालणारं डिग्रीझर चालेल का, टाकीला झाकण आणि काठावर सक्शन बसवता येईल का. बदलताना एक काळजी घ्या. ट्रायक्लोरोएथिलीन नको म्हणून बऱ्याच ठिकाणी 1-ब्रोमोप्रोपेन आणलं गेलं, त्याने नसांना त्रास झालेले कामगार निघाले आणि आता ते पण 2बी मध्ये आहे. नवीन ड्रमवर कॅन्सरचा कोड नाही याचा अर्थ तपासून झालंय असा नसतो, सेक्शन 11 वाचा, तिथे ‘डेटा उपलब्ध नाही’ लिहिलेलं असेल तर ते तेवढंच वाचा.

ब्लड टेस्टबद्दल पण लोक विचारतात. ‘मला कॅन्सर होणार का’ हे सांगणारी टेस्ट नाही. पण किती आत गेलंय हे सांगणाऱ्या लघवीच्या टेस्ट आहेत, ट्रायक्लोरोएथिलीनसाठी ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, बेंझीनसाठी एस-फेनिलमर्कॅप्ट्युरिक अ‍ॅसिड, आणि बेंझीन असेल तर सीबीसी (रक्तपेशी मोजणारी टेस्ट) ठरावीक अंतराने करायलाच हवं. लघवीचा नमुना शिफ्ट संपताना द्यायचा, सुट्टीनंतर सकाळी दिला तर आकडा उगाच कमी दिसतो.

आणि स्वतःची एक वही ठेवा, मी हे भेटेल त्या कामगाराला सांगतो. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कोणत्या टाकीवर, कोणतं केमिकल, रोज किती तास, एक्झॉस्ट चालू होता का, कधी गळती झाली, शीटचा फोटो. कंपनी बंद पडते, फाइली जातात, सुपरवायझर बदलतात. 25 वर्षांनी तुम्ही डॉक्टरसमोर बसलात तर ‘पेंटशॉपला होतो’ आणि ‘चार वर्षं अमुक सॉल्व्हंटच्या उघड्या टाकीवर रोज पाच तास’ यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तुमच्या तपासणीला पण आणि भरपाईच्या केसला पण.

सेफ्टी ऑफिसरकडे हवेच्या मोजमापाचा रिपोर्ट मागा. नसेल तर करून घ्या म्हणून लेखी द्या, एकट्याने नको, चार-पाच जणांनी मिळून. रिपोर्ट मिळाला की शेवटचा आकडा बघून थांबू नका. नमुना शॉपच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्टँडवर घेतलाय की काम करणाऱ्याच्या कॉलरवर, म्हणजे नाकातोंडाजवळ, ते बघा. पूर्ण शिफ्टचा आहे की अर्ध्या तासाचा, टाकी भरताना-रिकामी करताना-साफ करताना वेगळा नमुना घेतलाय का, कारण सगळ्यात जास्त एक्स्पोजर त्या वेळी होतं. आणि ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी प्रॉडक्शन नेहमीएवढं होतं का आणि दारं-खिडक्या नेहमी असतात तशाच होत्या का, हे नमुना घ्यायचा पंप अंगावर लावलेल्या माणसालाच विचारा आणि त्याने सांगितलेलं तारखेसकट वहीत लिहा.